प्रेषित बर्थलमय : शास्त्राबाहेरचे चरित्र आणि कल्याणची परंपरा

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –

• धर्मशास्त्रातील उल्लेख आणि शास्त्राबाहेरची परंपरा यांतील फरक एका चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• संतचरित्र कसे वाढत जाते, त्यात कोणते कथाघटक मिसळतात, हे सांगता येईल.
• स्थलनाम आणि व्यक्तिनाम यांवर आधारलेल्या पुराव्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा जोखता येतील.
• कल्याण व ठाणे परिसरातील प्राचीन ख्रिस्ती वस्तीविषयी काय सिद्ध आहे आणि काय श्रद्धेचा भाग आहे, हे वेगळे करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, महीपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ तुम्हांला परिचित आहेत. ज्ञानदेवांनी चालविलेली भिंत किंवा तुकोबांचे सदेह वैकुंठगमन या कथा त्या संतांच्या स्वतःच्या रचनांतून सिद्ध करता येत नाहीत. तरीही त्या वगळून वारकऱ्यांच्या मनातील ज्ञानदेव-तुकाराम पूर्ण होत नाहीत. संताची वाणी एकीकडे आणि त्याच्याविषयीची परंपरा दुसरीकडे, अशी ही दुहेरी घडण जगातील बहुतेक धर्मपरंपरांत आढळते.

ख्रिस्ती परंपराही याला अपवाद नाही. नाताळच्या देखाव्यात आपण तीन राजे पाहतो. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या त्या ज्ञानी पुरुषांची संख्या दिलेली नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. मरियेच्या आईवडिलांची हन्ना आणि योआकीम ही नावे नव्या करारात नाहीत. ती दुसऱ्या शतकातील एका शास्त्रबाह्य ग्रंथातून आली. क्रूस वाहून नेणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका हीदेखील शुभवर्तमानांत भेटत नाही. अशा परंपरांना किती मान द्यावा, यावरून सोळाव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती समाज दुभंगला. प्रोटेस्टंट सुधारकांनी शास्त्रवचन हेच अंतिम प्रमाण मानले, तर कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत १५४६ साली शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंना सारख्याच आदराने स्वीकारले.

या घटकात आपण अशा एका पुरुषाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याच्या बाबतीत शास्त्र जवळजवळ मौन आहे आणि परंपरा मात्र अतिशय बोलकी आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक असलेला बर्थलमय हा तो पुरुष होय. त्याचे कार्यक्षेत्र म्हणून जी स्थळे सांगितली जातात, त्यांत तुमच्या-आमच्या परिचयाचे कल्याण हे एक आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शास्त्रातील बर्थलमय

नव्या करारात बर्थलमयाचे नाव चार वेळा येते. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात बारा शिष्यांच्या ज्या याद्या आहेत, त्यांत हे नाव आहे. यापलीकडे त्याची एकही कृती नोंदलेली नाही. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो कोणत्या गावचा, त्याचा व्यवसाय कोणता, येशूने त्याला कोठे बोलावले, यांपैकी काहीही सांगितलेले नाही.

त्याच्या नावाकडे मात्र भाषेच्या अभ्यासकाने लक्ष दिले पाहिजे. अरामी भाषेत ‘बर’ म्हणजे पुत्र. बर्थलमय म्हणजे तलमयाचा पुत्र. म्हणजेच हे पितृनाम आहे. त्याचे स्वतःचे नाव या शब्दात नाही. तलमय हे नाव जुन्या करारातही एका राजाचे नाव म्हणून येते. काही अभ्यासक मात्र त्याच्या मुळाशी तोलेमी हे ग्रीक नाव असावे असे मानतात. ही दुसरी व्युत्पत्ती लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

नाव केवळ पित्याचे असल्यामुळे त्याचे स्वतःचे नाव काय असावे, हा प्रश्न साहजिकच निर्माण झाला. योहानाच्या शुभवर्तमानात बर्थलमयाचा उल्लेख नाही. परंतु गालिलातील काना गावच्या नथनेलाचा आहे. फिलिप्प त्याला येशूकडे घेऊन येतो आणि येशू त्याच्या निष्कपटपणाची वाखाणणी करतो. पहिल्या तीन शुभवर्तमानांच्या याद्यांत बर्थलमयाचे नाव फिलिप्पाच्या लगेच नंतर येते. या दोन धाग्यांची गाठ मारून नथनेल आणि बर्थलमय हे एकच, असे मत नवव्या शतकाच्या सुमारास सिरियन ख्रिस्ती भाष्यकारांत पुढे आले आणि पाश्चात्त्य परंपरेतही रुजले. अनुमान सुसंगत आहे, परंतु ते अनुमानच आहे. त्याच्या आधीचा ऑगस्टिनसारखा थोर धर्मपंडित नथनेलाला बारा जणांत धरत नव्हता.

४.३.२ पँटेनसचा प्रवास आणि ‘इंडिया’ हा शब्द

बर्थलमय आणि भारत यांचा संबंध जोडणारी सर्वांत महत्त्वाची नोंद चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस या चर्च-इतिहासकाराने केली. अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख पँटेनस हा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इंडियाला गेल्याचे सांगतात, असे तो लिहितो. तेथे ख्रिस्ताला ओळखणारे लोक त्याला आधीच आढळले आणि त्यांच्याजवळ हिब्रू अक्षरांत लिहिलेले मत्तयाचे शुभवर्तमान होते. ते बर्थलमयाने त्यांना दिले होते, अशी ती हकिगत आहे. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने तीच हकिगत सांगताना पँटेनसने ते पुस्तक अलेक्झांड्रियाला परत आणले, ही भर घातली.

या नोंदीचे दोन गुण आहेत. ती तुलनेने जुनी आहे आणि तिच्यात चमत्कार नाही. परंतु तिच्यात एक मोठी अडचण आहे, आणि ती भाषिक आहे. ग्रीक आणि लॅटिन लेखक ‘इंडिया’ हा शब्द आपल्याप्रमाणे एकाच देशासाठी वापरत नसत. इथिओपिया, दक्षिण अरबस्तान आणि सिंधूपलीकडचा प्रदेश या सर्वांना हे नाव मिळत असे. रुफिनस हा लेखक बर्थलमयाच्या वाट्याला आलेला इंडिया इथिओपियाला लागून असल्याचे सांगतो. दुसऱ्या एका परंपरेत तो दक्षिण अरबस्तानातील लोकांकडे गेला होता. तेव्हा ‘इंडिया’ हा शब्द दिसताच तो कोकणच्या किनाऱ्यावर आणून ठेवणे घाईचे ठरते.

हिब्रू अक्षरांचा तपशीलही विचार करायला लावतो. असे पुस्तक कोणासाठी ठेवले असेल? ती अक्षरे वाचणारा यहुदी समाज तेथे असला पाहिजे. येथे काही अभ्यासकांना कोकणातील बेने इस्राएल समाजाची आठवण झाली. परंतु अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा ही त्या समाजाची स्वतःची परंपरा आहे आणि तिचा काळ निश्चित नाही. एका परंपरेला दुसऱ्या परंपरेचा टेकू दिल्याने दोन्ही उभ्या राहतात असे नव्हे. शिवाय यहुदी वस्ती दक्षिण अरबस्तानातही होती.

४.३.३ चरित्रकथा : राजा पोलिमियस

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास बर्थलमयाची सविस्तर लॅटिन कथा तयार झाली. तिचा आरंभच इंडिया तीन आहेत, या विधानाने होतो. या कथेत बर्थलमय यात्रेकरूच्या वेषात एका देवालयात येऊन राहतो. तेथील अस्तारोथ ही देवता लोकांचे आजार बरे करते अशी ख्याती असते. तो आल्यापासून ती मूक होते. कारण शोधण्यासाठी लोक दुसऱ्या नगरातील देवतेकडे जातात. ती त्यांना बर्थलमयाची ओळख सांगते. केस काळे व कुरळे, डोळे मोठे, दाढी लांब व तुरळक पिकलेली, वस्त्र शुभ्र. सव्वीस वर्षांत ते वस्त्र मळले नाही की जीर्ण झाले नाही. तो दिवसा शंभर वेळा आणि रात्री शंभर वेळा गुडघे टेकून प्रार्थना करतो.

पुढे तो राजा पोलिमियसच्या मुलीला बरे करतो. ती पिसाट होऊन माणसांना चावत असल्याने तिला साखळदंडांनी बांधलेले असते. कृतज्ञ राजा उंटांवर सोने, रुपे व रत्ने लादून पाठवितो. पण बर्थलमय सापडतच नाही. पहाटे बंद दालनात तो राजासमोर उभा राहतो आणि आपल्याला धन नको असल्याचे सांगतो. मूर्ती भंगतात, राजा बाप्तिस्मा घेतो. पुजारी राजाचा मोठा भाऊ अस्त्रेगेस याच्याकडे तक्रार नेतात आणि तो बर्थलमयाला ठार करवितो. पोलिमियस पुढे राज्य सोडून धर्माध्यक्ष होतो.

ही कथा वाचताना तुम्हांला अनेक ओळखीचे कथाघटक दिसले असतील. राजकन्येचा असाध्य आजार, धनाचा अव्हेर, बंद दारातून प्रकट होणे, राजाचे परिवर्तन, दुष्ट आप्त आणि मत्सरी पुजारी हे घटक मराठी संतचरित्रांतही भेटतात. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची कथा आठवून पाहा. अशा साम्यावरून एकाने दुसऱ्याचे उचलले असे समजू नये. निःस्पृह पुरुष कसा असतो याविषयी लोकमानसाची जी कल्पना असते, तिचे हे साचे आहेत. म्हणून या कथेत बर्थलमयाच्या जीवनातील घटना शोधण्यापेक्षा, त्या काळच्या श्रद्धावंतांना प्रेषित कसा हवा होता, हे शोधणे अधिक फलदायी ठरते. त्याचबरोबर एक सावधगिरी हवी. परधर्मीयांच्या देवतांना सैतान ठरविणे हा या साहित्यप्रकाराचा संकेत आहे. त्याला कोणत्याही प्रत्यक्ष देवालयाचे वर्णन समजता कामा नये.

४.३.४ मृत्यू आणि मरणोत्तर जीवन

बर्थलमयाच्या मृत्यूविषयी परंपरांत एकवाक्यता नाही. कोणी त्याचा शिरच्छेद झाला म्हणतात, कोणी त्याला उलटे क्रूसावर दिले म्हणतात, तर कोणी त्याची जिवंतपणी कातडी सोलली असे सांगतात. तेराव्या शतकात जेकोबुस द व्होराजिने या इटालियन धर्मगुरूने संतचरित्रांचा जो प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला, त्यात हा विरोध मोठ्या युक्तीने मिटविला आहे. आधी क्रूसावर दिले, प्राण जाण्यापूर्वी खाली उतरवून कातडी सोलली आणि शेवटी शिरच्छेद केला, असे मानता येईल, असे तो सुचवितो. भिन्न पाठांची बेरीज करून एकच कथा बनविण्याची ही पद्धत तुम्हांला इतरत्रही आढळेल.

स्थळाविषयीही असेच आहे. सर्वांत रुजलेली परंपरा मृत्यूचे स्थळ आर्मेनिया सांगते, आणि आर्मेनियन चर्च तद्दय व बर्थलमय या दोघांना आपले संस्थापक मानते. त्याच्या समाधिस्थानी उभारला गेला असे मानलेल्या मठाचे अवशेष आजच्या तुर्कस्तानच्या पूर्व भागात आहेत. त्याच्या अस्थी म्हणून पूजिले जाणारे अवशेष सिसिलीजवळच्या लिपारी बेटावरून नवव्या शतकात बेनेव्हेंतोला आणि नंतर रोममधील टायबर नदीच्या बेटावरील चर्चमध्ये गेले, असे मानतात. कातडी सोलण्याच्या कथेमुळे तो चर्मकारांचा पालक संत ठरला. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलमधील ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात (१५३६–१५४१) त्याला स्वतःची सोललेली कातडी हातात धरलेला दाखविला आहे. २४ ऑगस्ट हा पाश्चात्त्य चर्चमध्ये त्याचा सण आहे. ज्याच्याविषयी शास्त्रात नावापलीकडे काही नाही, त्याचे हे मरणोत्तर जीवन किती समृद्ध आहे, हे ध्यानात घ्या.

४.३.५ कल्याणचा दावा

आता आपल्या परिसराकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ या बंदराचा उल्लेख आहे. थोरल्या सारगनसच्या काळी ते अधिकृत व्यापारपेठ होते. पुढे सँडनीस नावाच्या सत्ताधीशाच्या काळी तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नोंद आहे. म्हणजे येशूच्या शिष्यांच्या काळात अलेक्झांड्रियाचा नाविक कल्याणला येऊ शकत होता, एवढे निश्चित.

सहाव्या शतकात कॉसमस इंडिकोप्लुस्टेस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लिआना’ येथे ख्रिस्ती धर्माध्यक्ष असून त्याची नेमणूक पर्शियातून होते, असे लिहिले. काही अभ्यासकांनी हे स्थळ कर्नाटकाच्या किनाऱ्यावर शोधले. तथापि बहुतेकांनी ते आपले कल्याणच मानले आहे. विसाव्या शतकात ए. सी. पेरुमालील आणि जॉर्ज मोराएस या अभ्यासकांनी हे दुवे एकत्र जोडून कल्याणभोवतालचा कोकणचा प्रदेश हेच बर्थलमयाचे कार्यक्षेत्र होते, असे प्रतिपादन केले. आज भारतातील कॅथलिक परंपरेत थोमाबरोबर बर्थलमयाचेही नाव घेतले जाते, त्यामागे या मांडणीचा वाटा आहे.

४.३.६ नामसाम्याचा पुरावा

या मांडणीतील एक युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. लॅटिन कथेतील राजा पोलिमियस म्हणजे सातवाहन राजा पुळुमावी होय, असे सुचविले गेले. ध्वनिसाम्य आकर्षक आहे. शिवाय थोमाच्या कथेतील गुंदफर राजा काल्पनिक समजला जात होता, तो एकोणिसाव्या शतकात नाण्यांमुळे ऐतिहासिक ठरला. मग पोलिमियसही तसाच का नसावा, असा हा विचार आहे.

आपण हा युक्तिवाद तीन कसोट्यांवर तपासू. पहिली कसोटी काळाची. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेला वासिष्ठीपुत्र पुळुमावी दुसऱ्या शतकातील आहे. येशूच्या शिष्याची भेट त्याच्याशी होणे शक्य नाही. दुसरा एखादा पुळुमावी धरावा, तर त्याचा काळ निश्चित करणारा स्वतंत्र पुरावा हवा. दुसरी कसोटी पर्यायांची. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस राज्यात पहिल्या शतकात पोलेमॉन नावाचा राजा होता. पोलिमियसशी त्याचे ध्वनिसाम्यही तितकेच जवळचे आहे, आणि आर्मेनियाच्या परंपरेशी ते अधिक जुळते. तिसरी कसोटी लिप्यंतराच्या सवयीची. भूगोलकार तोलेमीने पैठणच्या पुळुमावीचे नाव आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. त्याने ते ‘सिरोप्तोलेमाइओस’ असे लिहिले. म्हणजे ‘सिरी’ हे आदरपद आणि पुढे चक्क त्याचे स्वतःचेच ग्रीक नाव! परके नाव कानी पडले की ऐकणारा ते आपल्या ओळखीच्या नावाच्या साच्यात बसवतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. बर्थलमयाच्या नावाच्या मुळाशी काही अभ्यासकांना हेच तोलेमी नाव दिसले, हे तुम्हांला आठवत असेल. म्हणून केवळ नामसाम्यावर विसंबणारा कोणीही पुळुमावी आणि बर्थलमय यांचेही नाते जोडू शकेल! ध्वनिसाम्य शोधाला दिशा देते. स्थळ, काळ आणि स्वतंत्र साक्ष यांच्याविना ते प्रमाण ठरत नाही.

४.३.७ सिद्ध काय, श्रद्धा काय

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. बर्थलमय कल्याणला आला हे सिद्ध होत नसेल, तर येथील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचे काय? आपल्याकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला, ही समजूत सर्वत्र आहे. ती समजूत खोडून काढायला बर्थलमयाच्या कथेची गरज नाही. कॉसमसची सहाव्या शतकातील साक्ष पुरेशी आहे. तिला जोड आहे ती ठाण्याची. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन पंथीय ठाण्यात उतरले. काझीपुढे झालेल्या धर्मविषयक वादानंतर त्यांना ठार करण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डानुस हा डोमिनिकन धर्मगुरू त्या वेळी बाहेर होता, म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपारा येथे पुरले. त्यानंतर लवकरच आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या, आणि त्याच्या प्रवासवृत्तात ठाण्यातील पूर्वेकडच्या नेस्टोरियन पंथाच्या पंधरा ख्रिस्ती घरांचा उल्लेख आहे. वास्को द गामा भारतात येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबे नांदत होती, ही गोष्ट समकालीन साधनांवर आधारलेली आहे.

याचा अर्थ असा की, दुर्बळ पुराव्यावर सारी इमारत उभारली तर तो पुरावा ढळताच खरा इतिहासही संशयास्पद वाटू लागतो. दोन्ही वेगळे ठेवले तर इतिहास बळकट राहतो आणि श्रद्धेलाही आपले स्थान मिळते. दुसरीकडे, सिद्ध झाले नाही म्हणजे घडलेच नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही. अलेक्झांड्रिया ते कल्याण हा जलमार्ग वाहता होता; त्या जहाजांतून कोण कोण उतरले याची संपूर्ण नोंद कोणीच ठेवलेली नाही.

४.४ समारोप

विद्यार्थी मित्रहो, बर्थलमयाच्या चरित्राचे तीन थर आपण पाहिले. शास्त्रात केवळ नाव आहे. युसेबियसच्या नोंदीत एक जुनी पण संदिग्ध स्मृती आहे. त्यावर पुढील शतकांनी कथा, चित्रे, अस्थी, सण आणि स्थलदावे यांची भर घातली. या प्रत्येक थराला त्याच्या स्वरूपानुसार वाचले पाहिजे. कॅथलिक वाचक परंपरेला धर्मजीवनात जे स्थान देतो आणि प्रोटेस्टंट वाचक तिच्याकडे ज्या साशंकतेने पाहतो, त्यांपैकी कोणाचाही पक्ष घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नाही. कोणते विधान कोणत्या साधनावर उभे आहे, हे नेमके सांगणे हे त्याचे काम आहे. ही शिस्त तुम्ही या अपरिचित चरित्रावर आत्मसात केलीत, तर आपल्या जवळच्या आणि प्रिय संतांची चरित्रे वाचतानाही ती तुम्हांला उपयोगी पडेल. तेथे ती पाळणे अधिक कठीण असते, म्हणून तिचा सराव येथे करावा.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. बर्थलमय हे नाव पितृनाम आहे, असे का म्हणतात?
२. नथनेल आणि बर्थलमय एकच असल्याचे अनुमान कोणत्या दोन गोष्टींवर आधारलेले आहे?
३. प्राचीन लेखनातील ‘इंडिया’ या शब्दाने कोणकोणते प्रदेश सूचित होत?

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. पोलिमियस आणि पुळुमावी यांच्या नामसाम्याचा युक्तिवाद सांगून त्याचे परीक्षण करा.
२. ‘भक्तविजया’तील कोणत्याही एका संतचरित्राची बर्थलमयाच्या कथेशी कथाघटकांच्या आधारे तुलना करा.
३. ठाणे-कल्याण परिसरातील पोर्तुगीजपूर्व ख्रिस्ती वस्तीविषयीच्या साधनांचा परिचय करून द्या.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील कोणत्याही धर्माच्या एका उपासनास्थानाविषयी तीन वयोवृद्ध व्यक्तींकडून आख्यायिका ऐका. त्या त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. तीन कथनांत कोणते घटक समान आहेत, कोणते बदलतात आणि कोणत्या तपशिलाला लिखित आधार मिळतो, याचा तक्ता तयार करा.